केवडीला सारंगखेड्याला नेताना

लायसन परवा आलं ना, भावेश?
बरं. खिशात ठेव. पेढा मी खाल्ला.
आता खाली उतर आणि आधी पिन बघ.

पिन आरपार गेली का,
खाली खटका लागला का,
वरून साखळी घातली का.
डोळ्यांनी बघ, बोटानं चाचपू नकोस.
माझी करंगळी उसाच्या हंगामात, पहाटेच्या साखरझोपेत,
अशाच एका भोकात राहिली.
तेव्हापासून मी हात जोडले
की देवाला नऊच बोटं पोचतात.

ट्रॉलीत रेती ओली करून टाकली आहे, वर उसाचं पाचट.
केवडीचं तोंड मागे ठेव, धूर नाकात नको.
दोर आखूड, पण मान हलेल इतका,
आणि गाठ एका हिसक्यात सुटणारी.
घट्ट बांधणारे गावात पुष्कळ आहेत, भो.
सुटणारी गाठ शिकावी लागते.
ये, पुन्हा दाखवतो. डावा हात खाली.

दोन्ही ब्रेक जोडून घे.
शेतात तू एका ब्रेकवर गर्रकन फिरवतोस,
मी बांधावरून पाहिलं आहे.
रस्त्यावर तसं फिरवलंस
तर ट्रॉली तुला जाब विचारायला पुढे येईल.

टेप बंद.
मडगार्डवर कोणी नाही, मामाचा पोरगासुद्धा नाही.
उतारावर न्यूट्रल नाही, डिझेल कितीही वाचो.
केवडीला किलोमीटर कळत नाहीत, तिला धक्के कळतात.
तू ब्रेक मारतोस पायाच्या अंगठ्यानं,
ती तो झेलते दोन्ही मांड्यांनी,
आणि धरायला तिला हात नाहीत.

दोंडाईच्याच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या लागतील,
एका नजरेत मावणार नाहीत एवढ्या लाल.
त्याच्या अलीकडेच थांब,
तिच्या नाकावर ओला पंचा धर,
पाणी पाज, मग पुढे.
एका पोरानं नाही धरला.
घोडी शिंकली, बिथरली, फाळका तुटला.
नाव सांगत नाही. आज तो चांगला ड्रायव्हर आहे,
फक्त मिरची खात नाही.

टाकरखेडा गेलं की तापीचा पूल.
मध्ये थांबायचं नाही, पाणी बघायला नाही, फोटोला तर नाहीच.
मार्गशीर्षाचा वारा खालून वर येतो,
तिचे कान ताठ होतील.
तेव्हा बोल तिच्याशी. शाळेतलं नको, घरचं बोल:
धीरे, माय, धीरे.
इंजिनात काय ऐकू येणार, असं म्हणू नकोस.
ती मान वळवते. मी पाहिलं आहे.

यात्रेत उतरवताना तिच्या मागे उभा राहू नकोस, बाजूला राहा.
फळीवर गोणपाट टाक, नाहीतर खूर घसरतो.
मग व्यापारी दात बघतील, पाय उचलतील, चालवून बघतील.
भाव रुमालाखाली होईल, तुझे वडील बघून घेतील.
मला नेत नाहीत त्या कामाला,
माझं बोट कमी, समोरचा हिशेबात घोटाळतो.
तू ट्रॅक्टरपाशी थांब.
टायरची हवा बघ. चहा घे. पुन्हा हवा बघ.

आणि एक,
हे आरटीओत विचारत नाहीत.
येताना ट्रॉली रिकामी असेल.
भरलेली ट्रॉली रस्ता धरून असते,
रिकामी उडते, फाळके आपटतात,
तुला वाटेल, मागे कोणी टापा आपटतंय.
दोनदा वाटेल. पुलावर नक्की वाटेल.
समोर बघ.
वीसच्या वर जाऊ नकोस,
मागून कोणी कितीही हॉर्न मारो.

रात्री आलास की ट्रॉली माझ्या दारात लाव.
रेती तशीच राहू दे, खुरांसकट.
सकाळी मी काढतो.